बाळंतिणीचा सव्वा महिना: काय सोसायचं आणि काय नाही

मराठवाड्यात बाळंतीण घरी आली की तिच्या प्रत्येक तक्रारीला एकच ठरलेलं उत्तर मिळतं: "असंच असतंय माय." पोटात कळ आली तरी असंच असतंय. ताप आला तर दूध उतरताना येतोयच. रडू आलं तर पहिलटकरीण आहे, घाबरली असंल. यातलं बरंच खरं आहे. बाळंतपणानंतर शरीर आणि मन दोन्ही ढवळून निघतात आणि बहुतेक गोष्टी आपोआप निवळतात. पण ज्या निवळत नाहीत त्याही याच उत्तराखाली दडपल्या जातात. बाईच्या जिवाला सर्वांत मोठा धोका बाळंतपणाच्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात असतो, आणि त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांचे डोळे लेकराकडे लागलेले असतात. खरोखर "असंच असतं" ते कोणतं आणि "असं नसतं" ते कोणतं, हे बाळंतिणीला, तिच्या आईला, सासूला आणि नवऱ्यालाही ओळखता यावं म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

पहिले चोवीस तास

वार पडल्यावर गर्भपिशवीचं वजन साधारण एक किलो असतं आणि तिचं वरचं टोक बेंबीच्या आसपास लागतं. वार जिथे चिकटलेली होती तिथे उघड्या रक्तवाहिन्यांची मोठी जखम मागे राहते. ही जखम टाक्यांनी बंद होत नाही. पिशवी आवळली की त्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं. म्हणून पहिल्या काही तासांत एक गोष्ट कळायलाच हवी, पिशवी टणक आहे की मऊ.

बेंबीखाली हात ठेवला तर चेंडूसारखा घट्ट गोळा लागला पाहिजे. मळलेल्या कणकेसारखं मऊ लागलं, किंवा गोळा सापडतच नसेल, तर रक्त वाहत असण्याची शक्यता असते. मग लगेच सिस्टरला हाक मारा. त्या येईपर्यंत त्या जागी तळहाताने गोल-गोल, जरा जोर देऊन चोळा, बाळंतिणीला लघवी करायला लावा आणि लेकरू अंगावर लावा. लघवीने फुगलेलं मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. आणि लेकराने ओढलं की शरीरात जे संप्रेरक सुटतं तेच पिशवी आवळतं.

बाळंतपण झाल्याबरोबर अंगाला हुडहुडी भरते, दात वाजतात. हा ताप नाही, अर्ध्या तासात जातो. चादर घाला, कोमट काहीतरी प्यायला द्या. लघवी मात्र सहा तासांच्या आत झालीच पाहिजे. टाके दुखतात म्हणून बायका रोखून धरतात. झाली नाही तर सांगा, नळी घालून काढता येते.

साधं बाळंतपण असलं तरी सरकारी दवाखान्यात ४८ तास थांबा. "इथं झोप नाही, घरी जाऊ" म्हणून बाराव्या तासाला गाडी आणू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण फुकट असतं आणि घरी सोडायला गाडीही मिळते. निघण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: आजचा रक्तदाब किती, हिमोग्लोबिन किती, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या का, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर हे सगळं लिहिलं का. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि लेकराचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळालं पाहिजे, नाहीतर पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होतो.

अंगावरून जाणं

पहिले तीन-चार दिवस लाल, पाळीपेक्षा जास्त. मग दहाव्या दिवसापर्यंत तपकिरी-गुलाबी. त्यानंतर पिवळसर-पांढरं, आणि चार ते सहा आठवड्यांत थांबतं. उठल्यावर एकदम लोंढा येतो, कारण झोपेत साचलेलं असतं. पाजताना जास्त जातं, कारण पिशवी आवळते. हे दोन्ही चालतं.

कमी झालेलं परत लाल झालं तर ती पहिली सूचना समजा की कामाला लवकर लागलात. एक-दोन दिवस पडून राहा आणि बघा. पण एका तासात पॅड पूर्ण भिजलं आणि पुढच्या तासालाही तसंच झालं, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडल्या, किंवा रक्त थोडंच आहे पण बाई पांढरीफटक पडली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडते, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन. हे पहिल्याच दिवशी होतं असं नाही, दहाव्या-बाराव्या दिवशीही होऊ शकतं. वारेचा तुकडा आत राहणं किंवा पिशवीत जंतुसंसर्ग होणं ही तेव्हाची नेहमीची कारणं. घाण वास येणं हे संसर्गाचं लक्षण आहे. रक्ताचा लोखंडी वास असतोच, सडका नसतो.

कपडा वापरत असाल तर जुनं मऊ सुती वापरा, दर चार-सहा तासांनी बदला, साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. लाजेपायी साडीखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात वाळवलेला दमट कपडा संसर्ग आणतो. गाव टँकरवर असलं तरी बाळंतिणीच्या वापराची दोन घागरी पाण्याची सोय वेगळी ठेवा. पाणी वाचवायचं तर दुसरीकडे वाचवा.

पोटातल्या कळा तीन-चार दिवस येतात, पाजताना जोर करतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त असतात. पिशवी मूळ जागी जाताना रोज साधारण एक बोट खाली उतरते, दोन आठवड्यांत ओटीपोटाच्या हाडामागे जाते. ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची गोळी, लागलीच तर सहा तासांनी दुसरी, पाजतानाही चालते.

टाके, लघवी, शौच

खालचे टाके बहुतेक विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळून जातात. लघवी करताना तांब्याने कोमट पाणी ओतत राहिलं तर आग कमी होते. पुसायचं नेहमी पुढून मागे. तिसऱ्या दिवसापासून रुंद टबात किंवा मोठ्या घमेल्यात कंबर बुडेल एवढं कोमट पाणी घेऊन १० ते १५ मिनिटं बसा, दिवसातून दोनदा. भांडं आधी घासून घ्या. त्यात मीठ, डेटॉल, कडुनिंबाचा पाला काही घालायची गरज नाही, डेटॉलने तर कातडी सोलवटते.

शौचाची भीती खरी आहे, पण कुंथल्याने टाके उसवत नाहीत. घट्ट होऊ देणं मात्र मूळव्याध आणतं. सकाळी दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, रात्री पाण्यातून दोन चमचे इसबगोल. बसताना पायाखाली पाट ठेवून गुडघे वर घ्या. चौथ्या दिवसापर्यंत झालीच नाही तर औषध मागा.

खोकताना, हसताना थेंबभर लघवी सुटणं पहिल्या आठवड्यांत होतं. तीन महिन्यांनीही सुटत असेल तर तपासून घ्या. हे म्हातारपणापर्यंत अंगावर काढायचं दुखणं नाही. आणि लघवी-शौच यांच्यावर ताबाच राहिला नाही, सतत गळतंय, तर पहिल्याच दिवशी सांगा.

सिझर झालं असेल तर

सिझर म्हणजे पोटाची मोठी शस्त्रक्रिया, तिच्यात पोटाचे थर आणि पिशवी कापून शिवलेली असते. तरी दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, कारण पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्त गोठतं. उठताना सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, मग हाताच्या जोरावर बसा. खोकताना, शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरा. सहा आठवडे लेकराच्या वजनापेक्षा जड काही उचलायचं नाही. भरलेली घागर, थोरलं पोर, गव्हाचं पोतं काही नाही. जखम डॉक्टर सांगतील तोपर्यंत कोरडी ठेवा, तिच्यावर हळद किंवा तेल भरू नका. कडेने लाल-गरम होणं, पू किंवा पाणी येणं, टाका उघडणं, ताप येणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवा. टाक्यांच्या आसपास बधिरपणा मात्र महिनोन्महिने राहतो, त्याने घाबरू नका.

पान्हा

पहिले दोन-तीन दिवस येतो तो पिवळसर घट्ट चीक. थोडा असतो, चमचा-चमचा. पण लेकराचं पोटही तेवढंच असतं. "अजून दूध उतरलं नाही" म्हणून चीक पिळून टाकणं आणि गुळाचं पाणी, मध, शेळीचं दूध चाटवणं अजूनही होतं. मधात असू शकणारे जंतू वर्षाच्या आतल्या लेकराला जिवावर बेततात. वरचं दिल्याने दूधही कमी होतं, कारण जेवढं ओढलं जातं तेवढंच तयार होतं. पहिल्या तासात अंगावर लावा आणि २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा.

स्तनाग्रं चिरण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: लेकराने नुसतं टोक धरलेलं असतं. धरायची रीत अशी. लेकराचं पोट आईच्या पोटाला लावा, डोकं आणि धड एका रेषेत. नाक बोंडीसमोर आणा. ओठाला बोंडी लावून आ वासायची वाट बघा. तोंड जांभईएवढं उघडलं की लेकराला स्तनाकडे आणा, स्वतः वाकू नका. बोंडीभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालचा, तोंडात गेला पाहिजे, हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळला पाहिजे. पहिली दोन-चार ओढ सोडून पुढेही दुखत असेल तर करंगळी ओठाच्या कडेने आत घालून सोडवा आणि पुन्हा लावा. चिरांना स्वतःचं दूध चोळून वारा लागू द्या.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध भरतं आणि स्तन दगडासारखे होतात. पाजण्याआधी पाच मिनिटं गरम ओल्या फडक्याने शेका, हाताने थोडं काढून काळा भाग मऊ करा, मग पाजा. पाजून झाल्यावर गार फडकं ठेवा. दूध भरताना अंग किंचित कोमट लागेल, पण १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे "दुधाचा ताप" नाही. एका बाजूला लाल, दुखरा पट्टा आणि थंडीताप असेल तर ती स्तनाची सूज आहे. पाजणं थांबवू नका, त्या बाजूनेही नेहमीसारखं पाजत राहा, आणि २४ तासांत उतार नसेल तर प्रतिजैविक लागतं. थांबवलं तर गळू होतं.

काढलेलं दूध चार तास बाहेर टिकतं असं सांगतात, ते साधारण २५ अंशांच्या खोलीसाठी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात पारा ४० च्या पुढे असतो, तिथे काढलं की लगेच पाजा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. दूध पुरतंय का हे आईच्या स्तनावरून नाही, लेकराच्या लघवीवरून ओळखा: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा.

लेकरू दगावलं असेल तरी दूध येतं, आणि त्या घरात याबद्दल कोणी बोलत नाही. घट्ट बसणारी ब्रा, गार फडकं, वेदना असह्य झाल्या तर फक्त आराम पडेल एवढंच दूध काढणं, आणि दूध बंद होण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला. त्या बाईलाही बाळंतिणीचा पूर्ण आराम आणि आहार द्या. ती बाळंतीणच आहे.

खाणं आणि पाणी

आपल्या जुन्या पद्धतीतलं जे चांगलं आहे ते इथे सर्वांत जास्त आहे. माहेरचं जेवण, अळीव, डिंक, मेथ्या, खारीक-खोबरं, शेपू, बाळंतशेपा, बाळंतविड्यात येणारं तूप-गूळ, यात चुकीचं काही नाही. चूक होते ती प्रमाणात, आणि जे बंद करतात त्यात.

सर्वांत घातक बंदी पाण्याची. "पाणी पिलं की पोट सुटतंय, टाके पिकतेत" या समजापायी बाळंतिणीला अर्ध्या पेल्यावर ठेवतात. पोट सुटतं ते गरोदरपणात मधून फाकलेल्या स्नायूंमुळे, पाण्यामुळे नाही. पाणी तोडलं की शौचाला घट्ट होतं, लघवीला जळजळ आणि संसर्ग होतो, डोकं दुखतं. दिवसाला अडीच ते तीन लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाजायला बसताना शेजारी भरलेला तांब्या ठेवायची सवय लावा. लघवी फिकट पिवळी असली की पुरतंय. पाणी उकळून गार केलेलं असावं, विहीर-बोअर-टँकर काहीही असो. गरमच प्यायला पाहिजे असं नाही.

पाजणाऱ्या आईला रोज साधारण ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे गरोदरपणाआधी जेवत होती त्यापेक्षा एक जेवण वाढवायचं. सकाळी अळिवाची खीर, दहाच्या सुमारास डिंकाचा किंवा मेथीचा एक लाडू, दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी, तांदुळजा-मेथी-शेपू यातली एक पालेभाजी, कारळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, ताक. चारला दोन खारका, मूठभर शेंगदाणे-फुटाणे, नाहीतर हुलग्याचं माडगं. रात्री खिचडी किंवा भाकरी, अंडं चालत असेल तर दोन अंडी, नाहीतर पनीर किंवा उसळ. झोपताना दूध. तूप दिवसाला तीन-चार चमचे पुरे, भाकरी तुपात बुडवून चारल्याने ताकद येत नाही, भूक मरते आणि वरण-भाजी कमी जाते. डिंकाचे दोन-तीन लाडू एकदम खाल्ले तर पोट फुगतं.

अळिवाची खीर करताना दूध फाटतं ही नेहमीची तक्रार. दोन चमचे अळीव अर्धा वाटी पाण्यात दोन तास भिजवा, फुगून गिळगिळीत होतील. दीड कप दूध उकळून त्यात घाला, पाच-सात मिनिटं मंद आचेवर ढवळा. गॅस बंद करून दूध कोमट झालं की मगच किसलेला गूळ आणि खोबरं. गरम दुधात गूळ गेला की फाटतं.

वांगं, भात, केळं, आंबट, फळं बंद करायला आधार नाही. एखादी गोष्ट खाल्ल्यावर लेकरू खरंच कुरकुरलं तर ती चार दिवस सोडून बघा, यादी करून पंधरा पदार्थ बंद करू नका. लोहाची गोळी १८० दिवस रोज एक, जेवणानंतर लिंबू-पाण्याबरोबर. चहा आणि दुधाबरोबर घेतली की लोह शोषलं जात नाही. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, सहा महिने, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. शौच काळी होते, ते लोहामुळे. गोळ्या थांबवायचं ते कारण नाही.

शेक, धुरी, पट्टा

अंगाला तेल लावून कोमट पाण्याने आंघोळ, ही सुखाची गोष्ट आहे, चालू ठेवा. पण बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवणं सोडाच. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेतो, आणि आई-लेकरू दोघंही त्याच खोलीत असतात. गोवरी, ओवा, लसणाच्या सालीची धुरी नवजात फुफ्फुसांना सोसत नाही. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून कंबरेला, दहा मिनिटं. हिवाळ्यात खोली उबदार असावी हे खरं, पण मे महिन्यात कानात बोळे, डोक्याला फडकं, अंगावर गोधडी आणि खिडकी बंद, यात बाळंतिणीला ऊन लागावं तसं होतं. खिडकी उघडा. अंधारी खोली मनालाही वाईट.

पोट बांधायचं तर सैलसर, आधार वाटेल एवढंच आणि चालता-फिरताना. करकचून बांधलेल्या लुगड्याने पिशवी मागे जात नाही, उलट सगळा दाब खाली जातो आणि अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर यायला मदत होते. पोटासाठी खरा उपयोग होतो तो व्यायामाचा. उताणं झोपून गुडघे दुमडा, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळा, पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. साध्या बाळंतपणात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू करता येतो, आणि पाजता-पाजताही होतो. सहा आठवड्यांनी पडल्या-पडल्या डोकं थोडं उचलून बेंबीवर बोटं आडवी ठेवून बघा. मधल्या खाचेत दोनपेक्षा जास्त बोटं मावत असतील तर पोट जोराने आवळणारे व्यायाम टाळा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मन

तिसऱ्या ते पाचव्या दिवसात काय-काय एकत्र येतं ते बघा. वारेतून येणारी संप्रेरकं वार पडताच धाडकन उतरलेली असतात. दूध भरून छाती ठणकत असते. रक्तदाब वाढायचा असेल तर बहुधा याच दिवसांत वाढतो. तीन रात्री झोप झालेली नसते. आणि नेमकी पाचवी पुजायची असते, घर पाहुण्यांनी भरलेलं, प्रत्येक जण लेकराचा रंग आणि नाक बघून बोलतोय. अशा वेळी बाईला कारणाशिवाय रडू येतं, चिडचिड होते, घडीत हसू घडीत आसू. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना हे होतं. दोन आठवड्यांत आपोआप जातं. त्यासाठी औषध नाही, झोप लागते. पाचवी छोटी करा. पाहुण्यांना बारशाला बोलवा.

दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने उदासी धरली असेल, तर तो आजार आहे. भारतात साधारण पाचांतल्या एका बाळंतिणीला तो होतो, म्हणजे प्रत्येक गल्लीत. ओळखायचं कसं? लेकरू झोपलं तरी हिला झोप येत नाही. जेवण नकोसं, न्हाणं नकोसं. लेकराला घ्यावंसं वाटत नाही, किंवा उलट, क्षणभर खाली ठेवायची भीती. "मी चांगली आई नाही" हे परत परत. काही जणींच्या मनात लेकराला आपल्या हातून इजा होईल असे भयंकर विचार नको असताना घुसतात. त्या विचारांनीच त्या हादरलेल्या असतात आणि कुणाला सांगत नाहीत. हे विचार म्हणजे ती तसं करणार असं नाही, पण बोलायला आणि मदत घ्यायला हवी.

विचारताना "बरं आहे ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो" एवढंच येतं. एकांतात, लेकरू दुसऱ्याकडे देऊन विचारा: "पंधरा दिवसांत सारखं मन खाली गेल्यासारखं वाटतंय का? आधी आवडायच्या त्या गोष्टींत जीव लागतोय का? जगू नये असं कधी मनात आलं का?" शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही, आधीच असला तर बाहेर येतो. उत्तर "हो" असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. बाकीच्यांसाठी आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किंवा १४४१६ हा टेलीमानसचा फुकट क्रमांक, तिथे मराठीत बोलता येतं. पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत, त्यामुळे "गोळ्या घेतल्या की दूध बंद करावं लागंल" या भीतीने थांबू नका. थायरॉइडची तपासणीही करून घ्या, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं आणि ते उदासीसारखंच दिसतं.

घरच्यांनी करायचं औषध एकच, पण ते रोजचं: रात्री सलग चार-पाच तास झोप. नऊला पाजून झालं की लेकरू नवऱ्याकडे किंवा आजीकडे, दोनपर्यंत ढेकर काढणं, बदलणं, झुलवणं त्यांचं. मध्ये भूक लागली तर लेकरू आणून लावायचं, पाजून झालं की लगेच परत न्यायचं.

मुलगी झाली म्हणून घर गप्प बसलं तर बाळंतीण ते पहिल्या तासात ओळखते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, आईच्या हातात काही नसतं. सासरच्यांनी दवाखान्यातच पेढे वाटले तर तिच्या मनासाठी ते कुठल्याही लाडवापेक्षा जास्त कामी येतं.

आणि एक अवस्था अशी की जिथे तासांचा हिशेब असतो. पहिल्या दोन आठवड्यांत बाई अचानक झोपेनाशी होते, भरमसाट बोलते किंवा गुमसुम होते, नसलेले आवाज ऐकते, लेकरू आपलं नाही, त्यात काहीतरी शिरलंय असं म्हणते. हजारात एक-दोघींना होणारा हा गंभीर मानसिक आजार आहे. याला "बाहेरचं" समजून देवऋष्याकडे नेण्यात दिवस जातात आणि त्या दिवसांत आई-लेकराचा जीव जाऊ शकतो. अंगारा लावायचा तर लावा, पण गाडी आधी काढा. लेकरू तिच्याजवळ एकटं ठेवू नका. उपचाराने ती पूर्ण बरी होते.

गाडी काढायची ती लक्षणं

रक्तस्रावाचं वर सांगितलं. याशिवाय: गोळीने न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात सुजणं. गरोदरपणात रक्तदाब नॉर्मल असला तरी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो चढून झटके येऊ शकतात. म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा तरी रक्तदाब मोजून घ्याच. एकाच पायाची पोटरी सुजून गरम होणं, दम लागणं, छातीत दुखणं. १००.४ च्या वर ताप. बेशुद्धी किंवा झटका. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांना फक्त लेकरू दाखवून चहा पाजून पाठवू नका, आईचंही सांगा. माहेर दुसऱ्या गावात असेल तर तिथल्या आशाताईला कार्ड दाखवून नाव नोंदवा, नाहीतर भेटी दोन्हीकडे चुकतात. रक्तस्राव किंवा झटका असेल तर रक्तपेढी असलेलंच ठिकाण गाठा: जिल्ह्याचं रुग्णालय, किंवा छत्रपती संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. मधल्या छोट्या दवाखान्यांत सलाइन लावून तास घालवू नका.

सहा आठवड्यांनंतर

बेचाळिसाव्या दिवसाची तपासणी लेकराच्या लसीबरोबर उरकून घ्या: रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, पिशवी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त अजून भरून आलेलं नाही. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची चाचणी करावी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात, वर्षभरात परत येतात. त्यासाठी तेलं विकत घेऊ नका.

शरीरसंबंध अंगावरून जाणं थांबून टाके भरल्यावर, आणि बाईची इच्छा झाल्यावर. पाजत असताना कोरडेपणा असतो, तो आजार नाही. पाळी आली नाही म्हणजे दिवस जात नाहीत हा समज महाग पडतो, कारण अंडं पाळीच्या आधी सुटतं. फक्त अंगावरचंच दूध, दिवसा-रात्री, लेकरू सहा महिन्यांच्या आतलं आणि पाळी न आलेली, या तिन्ही अटी असतील तरच दूध संरक्षण देतं. पाळणा लांबवायला तांबी (कॉपर-टी) बाळंतपणानंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसते. छाया ही गर्भनिरोधक गोळी पाजणाऱ्या आईला चालते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी मात्र पाजताना पहिले सहा महिने नको. पुढचं गरोदरपण किमान दोन वर्षांनी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगायला हवं. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, आणि उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असल्याने बाळंतिणीला पंधराव्या-विसाव्या दिवशी फडात उभं करतात. त्या वेळी ओटीपोटाचे स्नायू आणि पिशवीला धरून ठेवणारे बंध सैलच असतात. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढलं की सगळा भार खाली येतो. अंग बाहेर येणं, कंबर, पांढरं जाणं, हे दुखणं तिथून सुरू होतं, आणि बीड जिल्ह्यात कित्येक तरण्या बायकांना पुढे पिशवी काढून टाकण्यापर्यंत जावं लागलं. तारीख हंगामात येत असेल तर उचल ठरवतानाच मुकादमाशी (टोळी नेणाऱ्याशी) बोलून जोडप्याऐवजी एकाचाच कोयता धरा, किंवा बाईला गावी ठेवा. जावंच लागलं तर सहा आठवडे मोळी उचलायची नाही, वाढे (उसाचे शेंडे) बांधणं किंवा स्वयंपाक एवढंच. सोबत माता-बाल कार्ड, १८० गोळ्यांचा पूर्ण साठा आणि आधार कार्ड ठेवा. कोपी (राहायची झोपडी) जिथे पडेल तिथल्या आशाताईचा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या. खाली जड वाटणं, बसताना गोळा लागल्यासारखं होणं ही अंग उतरण्याची पहिली खूण. तेव्हाच दाखवलं तर व्यायामाने आणि पिशवीला आधार देणारी रिंग बसवून भागू शकतं. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर ऑपरेशनआधी जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.